हॉटेल-दुकानात अपघात झाला तर…

भाजणे, कापणे आणि ओल्या फरशीवर घसरणे या हॉटेलच्या भटारखान्यातल्या नेहमीच्या दुखापती. त्यांची नोंद क्वचितच होते.

● प्रथमोपचार : भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नका.

● कढईतले तेल पेटल्यास : पाणी ओतू नका. गॅस बंद करून कढईवर झाकण टाका. गॅसगळतीसाठी हेल्पलाइन १९०६.

● नोंद : मालकाला किंवा मॅनेजरला लगेच कळवा. तारीख, वेळ, जागा, दुखापत आणि साक्षीदारांची नावे अपघात नोंदवहीत लिहून घ्या. पुढच्या दाव्याचा हाच आधार.

● विमा : १० किंवा अधिक कामगार असलेल्या हॉटेल-दुकानांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजना लागू होते. वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो.

● लाभ : कामावरच्या दुखापतीमुळे तात्पुरते अपंगत्व आल्यास वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशीचा अपघातही धरला जातो.

उपचाराचे कागद आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा.