हेमकुंडला जायचंय? आधी भात कुठलं ते सांगा

शेतकरी बंधूंनो, नात्यावरून रायगडाला जाणारे यात्रेकरू आपण बारमाही बघतो. आता आपल्यातलेच काहीजण विचारतात, 'लावणी उरकली की हेमकुंड साहिबला निघावं का?'

माझं मत, तेव्हा नको. जुलै-ऑगस्ट हा उत्तराखंडात दरडींचा काळ. २२ जुलै २०२१ ला तळियेत काय झालं ते आपल्याला सांगायला नको. जून २०१३ च्या पुरात तिकडे गोविंदघाटचा पूलच वाहून गेला होता. मेअखेर यात्रा सुरू होते खरी, पण तेव्हा वाटेवर बर्फ असतो आणि इकडे राबाची घाई. उरला सप्टेंबर, तोही गणपती पोचवल्यावर. गरवं भात असेल तर निवांत जा. हळवं असेल तर कापणी सोडून देवदर्शन कसलं?

गुरू गोविंदसिंगांनी पूर्वजन्मी इथे तप केलं, अशी शिखांची श्रद्धा. त्यांनी देह ठेवला तो आपल्या नांदेडला, १७०८ साली. तळ्याकाठी गुरुद्वारा आहे, लक्ष्मणाचं देऊळही आहे.

उंची ४,००० मीटरच्या वर, म्हणजे रायगडाच्या सुमारे पाचपट. घांगरियापासून शेवटची ६ किलोमीटर खडी चढण. आपल्याला गड झपाझप चढायची सवय, तीच तिथे नडते. हवा विरळ असते. डोकं ठणकलं, मळमळलं की मुकाट्याने खाली उतरा. वर मुक्काम करता येत नाही. लंगरातली गरम खिचडी खाऊन दुपारीच परत फिरायचं.

यात्रेची सरकारी नोंदणी आधी करा. आणि बांध बघायला घरी एक माणूस ठेवा.