चकवा खरंच लागतो!

ठाण्याहून भिवंडीला जाताना कशेळीच्या पुलावर दिशा चुकणं अशक्यच. मागे बाळकुम, पुढे काल्हेरकडे जाणारा रस्ता, खाली उल्हासची खाडी, वर मेट्रोचं काम. आता मनातल्या मनात पूल, दिवे आणि गोदामं पुसून टाका. उरते अमावास्येची रात्र, ओहोटीचा चिखल आणि चहूकडे सारखीच दिसणारी खारफुटी. अशा ठिकाणी माणूस रात्रभर चालत राही आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी येई, तेव्हा जुनी माणसं एकाच शब्दात निदान करत: चकवा लागला.

वाट सोडण्याला मराठीत शब्दांची ददात नाही. गलबत भरकटतं, तोल ढळतो, ताल चुकतो, पोरगं बहकतं, डबा रुळावरून घसरतो. यातल्या प्रत्येक क्रियापदामागे एक सरळ रेघ गृहीत धरलेली असते आणि ती सुटल्याचं कुणाच्या तरी लगेच लक्षात येतं. चकव्याची गंमत वेगळी. ज्याला तो लागतो, त्याला आपण नाकासमोर चालतोय याची पुरेपूर खात्री असते.

ही खात्री किती पोकळ असते, हे जर्मनीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 साली दाखवून दिलं. त्यांनी माणसांना अंगावर जीपीएस लावून अनोळखी, सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, काही तास सरळ चालत राहा. आभाळ भरलेलं होतं त्या दिवशी चाललेले सगळे जण गोल गोल फिरले. काहींनी तर स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, आणि तेही नकळत. ज्यांना ऊन मिळालं ते मात्र जवळपास सरळ गेले. ट्युनिशियाच्या वाळवंटात एक जण रात्री पौर्णिमेच्या उजेडात ठीक चालला होता. चंद्र ढगाआड जाताच तो वळत वळत आला त्याच दिशेने परत निघाला!

डोळे बांधून चालवलं तेव्हा आणखी नवल झालं. मोकळ्या मैदानात माणसं घाण्याच्या बैलासारखी फिरू लागली. काहींची वर्तुळं अवघ्या वीस मीटर व्यासाची होती. एक पाय लांब आणि एक आखूड असतो म्हणून माणूस एकाच बाजूला वळतो, असा जुना समज होता. पण तोच माणूस कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत होता. साहजिकच तो समज टिकला नाही.

मग दोष कुणाचा? आपल्या आतल्या 'सरळ'चा. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव, स्नायू आणि सांधे मेंदूला सतत कळवत असतात की आपण किती वळलो. या प्रत्येक निरोपात बारीकशी चूक असते. एका पावलापुरती ती नगण्य, पण पुढची चूक आधीच्या चुकीवर चढते आणि मेंदूतली 'समोर' ही दिशाच हळूहळू सरकत जाते. सूर्य, डोंगर किंवा देवळाचा कळस दिसत असला, तर ही चूक क्षणोक्षणी दुरुस्त होते. खूण नाहीशी झाली की दुरुस्तीच थांबते.

म्हणजे सरळ चालायला बाहेरचं प्रमाण लागतं. पण प्रमाणही निर्दोष नसतं. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळलेली असते आणि त्या कोनाला दिक्पात म्हणतात. मुंबई-ठाण्यात तो सध्या एका अंशाहूनही कमी आहे, पण जागेनुसार आणि वर्षांनुसार तो बदलतो. म्हणून मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या विद्युतप्रवाहाने मोजमाप बिघडलं असतं, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. तिथल्या वेधाच्या इमारतींत लोखंड वापरलं नाही. सुई किती ढळते हे कळावं म्हणून चुंबकीय नोंदींचं सगळं काम मुंबईच्या बंदरापलीकडे नेलं गेलं! अलिबागची ही वेधशाळा आजही काम करते आहे.

चकव्यावरचा जुना इलाजही या शास्त्राशी तंतोतंत जुळतो. वडीलधारे सांगत, चालत राहू नकोस, आहेस तिथे बस, उजाडलं की चकवा सुटतो. कारण म्हणून ते भुताचं नाव घेत आणि ते चूक होतं. उपाय मात्र बिनचूक होता, कारण उजाडलं की सूर्य दिसतो आणि दूरच्या खुणाही दिसतात. बसून राहिलेला माणूस निदान आणखी भरकटत तरी नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धुक्यात भटकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. धुकं दाटलं आणि वाट हरवल्याची शंका आली, तर 'मला दिशा कळते' या भरवशावर पाऊल टाकू नका. थांबा, सोबत्यांना थांबवा आणि एखादी दूरची खूण दिसल्यावरच निघा.