‘स्पर्धा’ नावाची स्पर्धा नसते

स्पोर्ट्स डेच्या यादीत १०० मीटर धावणे असते, लांब उडी असते, गोळाफेक असते. पण नुसती ‘स्पर्धा’ नावाची स्पर्धा कधी नसते. ती फक्त एक कल्पना आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेत अशी कल्पना अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास म्हणून लिहितात. त्याचा थेट ऑब्जेक्ट बनवता येत नाही. आधी त्याच्यापासून ‘धावणे’ किंवा ‘लांब उडी’ असा सबक्लास तयार करावा लागतो.

समजा, आपल्याला हाऊसचे गुण मोजणारा प्रोग्राम लिहायचा आहे. प्रत्येक स्पर्धेत काम एकाच पद्धतीने चालते: नोंदी घ्या, क्रम लावा, पहिल्या तिघांना गुण द्या. मी ही मेथड ‘स्पर्धा’ क्लासमध्ये एकदाच लिहीन आणि तिला फायनल करीन. मग कोणताही सबक्लास गुण देण्याची पद्धत बदलू शकणार नाही.

आता एकच प्रश्न उरतो: दोन नोंदींपैकी चांगली कोणती? उडीत मोठा आकडा चांगला, धावण्यात लहान. याचे उत्तर ‘स्पर्धा’ क्लासकडे असूच शकत नाही. म्हणून ही मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट ठेवायची, म्हणजे नाव द्यायचे पण आत काही लिहायचे नाही.

इथेच मोह होतो. वाटते, वरच ‘मोठा आकडा चांगला’ असे लिहून टाकू आणि धावण्यापुरते बदलू. पण ‘४०० मीटर’चा सबक्लास लिहिणारा ते बदलायला विसरला, तर प्रोग्राम बिनतक्रार चालेल आणि सर्वांत शेवटी पोहोचलेल्या कॅडेटला पहिला नंबर देईल! मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट असेल, तर ती लिहिल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊच देत नाही. चूक मैदानात कळण्यापेक्षा बराकीत कळलेली बरी.

मात्र सगळ्याच मेथड रिकाम्या ठेवल्या, तर प्रत्येक सबक्लासमध्ये तेच तेच लिहावे लागेल. जावातला अ‍ॅबस्ट्रॅक्टलिस्ट क्लास याचे चांगले उदाहरण आहे. फक्त वाचायची यादी हवी असेल, तर आपण दोनच मेथड लिहायच्या: गेट, म्हणजे अमुक जागी काय आहे, आणि साइझ, म्हणजे एकूण घटक किती. एखादा घटक शोधणे, यादी ओळीने पाहणे हे सारे तयार मिळते, कारण ते या दोन मेथडवरच उभे आहे.

म्हणून प्रत्येक मेथडपाशी मी विचारतो: याचे उत्तर सर्वांसाठी एकच आहे का? असेल तर वरच्या क्लासमध्ये लिहावे. प्रत्येकाचे वेगळे असेल तर जागा रिकामी सोडावी. अंदाजाने भरू नये.