मोरिओकाची लोखंडी किटली

जपान म्हटले की आमच्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांसमोर टोकियो, ओसाका, मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक माल येतो. परंतु ओतकाम किंवा भांड्यांचा धंदा करणाऱ्यांनी त्या देशाच्या उत्तरेकडील मोरिओका शहराची माहिती जरूर करून घ्यावी, असे आम्हास वाटते. इवाते प्रांताचे हे मुख्य ठिकाण. २०२० च्या जनगणनेत येथील वस्ती तीन लाखांच्या आतच भरली. १९८२ साली शिंकान्सेन ही जलद रेल्वे येथवर आली आणि टोकियोचा प्रवास थोड्या तासांवर आला.

हिवाळा कडाक्याचा, जवळच २,०३८ मीटर उंचीचा इवाते पर्वत. मोठ्या कारखान्यांसाठी हे शहर प्रसिद्ध नाही. त्याचे नाव झाले ते 'नांबू तेक्की', म्हणजे नांबूच्या लोखंडी भांड्यांमुळे.

नांबू हे येथील सरदार घराणे. सतराव्या शतकात त्यांनी क्योतोहून चहाच्या पाण्याची भांडी ओतणारे कारागीर आणवले व त्यांना आश्रय दिला. लोखंड, वाळू, माती, कोळसा हे सारे आसपासच मिळत होते. १६२५ पासून चालत आलेल्या सुझुकी मोरिहिसा घराण्याच्या पंधराव्या पिढीची गादी एका स्त्रीने सांभाळली, हेही नमूद करण्यासारखे आहे.

कामाची रीत पाहण्यासारखी आहे. वाळू-मातीचा साचा आकाराची फळी फिरवून घडवतात. तो ओला असतानाच कारागीर आतल्या अंगाने बारीक सळईने एकेक ठिपका दाबत जातो. किटलीच्या अंगावर गारांसारखे उठलेले दाणे दिसतात ते हेच. साचा भाजून त्यात वितळलेले बीड ओततात. पुढे किटली कोळशाच्या भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवतात. त्याने अंगावर जो पातळ थर बसतो, तोच आतून गंज धरू देत नाही. बाहेरून झाडाच्या चिकाचे रोगण देतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त ॲल्युमिनियम आले आणि या मालाचे गिऱ्हाईक तुटले. १९७५ साली सरकारने त्यास पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला, पण दर्जाने माल खपत नाही. खप वाढवला तो व्यापाऱ्यांच्या नजरेने. १९०२ साली सुरू झालेल्या इवाचू या कंपनीने फ्रान्सच्या चहावाल्यांच्या मागणीवरून रंगीत चहादाण्या काढल्या आणि त्या युरोपात चालल्या. आमच्या मते खरी हुशारी पुढेच आहे. रंग चढला तो आतून मुलामा दिलेल्या, विस्तवावर न ठेवायच्या चहादाणीवर. पाणी उकळायच्या हातघडणीच्या किटलीचा घाट आणि भाव त्यांनी उतरू दिला नाही. अशी किटली आजही लाख येनच्या पुढे जाऊ शकते. माल मागवणाराने हे दोन प्रकार वेगळे ओळखावेत, नाहीतर चहादाणी चुलीवर चढेल आणि तक्रार दुकानदाराच्या दारी येईल! याच प्रांतातील ओशू गावचा मालही नांबू तेक्की म्हणूनच विकला जातो, तेव्हा माल कोणत्या गावचा हेही विचारून घ्यावे.

अडचण आहे ती कडीची. किटलीची कडी ओतणारा करीत नाही. ती वेगळ्या लोहाराकडून येते. उत्तम कडी पत्रा ठोकून, वळवून आतून पोकळ ठेवतात, म्हणजे हात भाजत नाही. असे लोहार आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत, आणि कडीवाचून किटली विकता येत नाही.