गाडी कुणाची, सल्ला कुणाचा? घर झालेल्या गाड्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तरी भंडारा जिल्ह्याच्या रस्त्यांवर कारखान्यातून तयार होऊन आलेलं मोटरहोम क्वचितच दिसतं. असल्याच तर गॅरेजात घडवलेल्या गाड्या असतात. कुणी ट्रॅव्हलरच्या मागच्या सीट काढून पलंग टाकलेला असतो, कुणी जुन्या मिनीबसमध्ये शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली असते. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर भंडारा, लाखनी, साकोली ही गावं लागतात. आंभोऱ्याचा पूल, गोसेखुर्दचा जलाशय, कोका आणि नागझिऱ्याचं जंगल ही मुक्कामाची ओढ लावणारी ठिकाणंही इथेच आहेत.

अशा गाडीत काही बिघडलं की मदतीला येतो पंक्चरवाला, ट्रकचा ड्रायव्हर किंवा दुसरा एखादा गाडीमालक. त्याचा सल्ला फुकट असतो आणि मनापासूनचा असतो. अडचण एवढीच की तो बहुधा दुसऱ्याच गाडीवर शिकलेला असतो. त्यात अर्धं खरं असतं, म्हणून तो टिकतो. आणि उरलेलं अर्धं आपल्या गाडीला भोवतं.

गैरसमज १ : उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही.

वस्तुस्थिती : तापली की हवा फुगते, हे अर्धं खरं. सकाळी थंड टायरमध्ये ६० पीएसआय असलेली हवा २० अंशांनी तापली, तर दाब साधारण ६५ पर्यंत जातो. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ धरलेलीच असते. खरा धोका उलट बाजूने येतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या सततच्या वाकण्याने रबर आतून तापतं, थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. नवतप्यात डांबर आधीच भाजत असतं, त्यात कमी हवा म्हणजे दुहेरी ताप.

म्हणून हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी तपासायची. दुपारी चालून आलेल्या गरम टायरमधली हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडायची नाही. नायट्रोजन भरला की तपासायला नको, असंही सांगतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो; नायट्रोजन भरला तरी दाब पाहावाच लागतो.

गाडीच्या दारावरच्या स्टिकरवरचा दाब कंपनीने मूळ गाडीसाठी दिलेला असतो. पलंग, कपाटं, बॅटऱ्या आणि शंभर लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचेच शंभर किलो, हे त्या हिशेबात नसतं. भंडारा हा धानाचा जिल्हा, तेव्हा राइस मिलचा वजनकाटा सहसा जवळपास सापडतो. सगळं सामान भरून आधी पुढची चाकं काट्यावर घ्या, मग मागची. प्रत्येक एक्सलचं वजन हातात आलं की टायर कंपनीच्या तक्त्यातून योग्य दाब काढता येतो, आणि गाडी पासिंगच्या वजनापेक्षा जड झाली आहे का तेही कळतं.

टायरचं वयही पाहा. बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. घर झालेल्या गाड्या वर्षातून थोड्याच धावतात, त्यामुळे नक्षी नवी दिसते, पण रबर मात्र कडक होत जातं. सहा वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत, नक्षी कितीही शिल्लक असो.

गैरसमज २ : डीईएफ संपलं तर शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकता येतो.

वस्तुस्थिती : डीईएफमध्ये, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवात, युरिया असतो, हे खरं. पण त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं पाणी असतं. शेतातल्या युरियाला २०१५ पासून देशभर कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं, शिवाय त्यात धूळ आणि इतर अशुद्धी असतात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी ज्यांना डीईएफची टाकी आहे, त्यांत हा द्रव सायलेन्सरच्या वाटेवर फवारला जातो. त्यातून अमोनिया तयार होतो आणि धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं रूपांतर नायट्रोजन व पाण्यात होतं. तेल आणि क्षार आत गेले की आधी फवारणीचं तोंड चोंदतं, मग महागडा कॅटॅलिस्ट निकामी होतो. बांधीवर टाकून उरलेल्या पोत्याने वाचवलेले पैसे तिथे कित्येक पटींनी जातात.

डीईएफ सतत ३० अंशांवर ठेवलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली उभ्या गाडीच्या डिक्कीत कॅन पडून राहिला असेल, तर त्यावरची तारीख पाहणं पुरेसं नाही. लागेल तेवढंच घ्यावं. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत पडलं, तर चावीसुद्धा फिरवू नका. गाडी टोचन करून न्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी.

गैरसमज ३ : मीटरवर दिवा लागला की गाडी लगेच बंद करावी.

वस्तुस्थिती : ऑइलचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला तर खरंच लगेच थांबायचं. पण डिझेल गाडीत काजळी पकडणाऱ्या फिल्टरचा, म्हणजे डीपीएफचा, पिवळा दिवा वेगळं सांगतो. फिल्टर काजळीने भरत आला आहे आणि ती जाळून टाकायला त्याला धुराची उष्णता हवी आहे. अशा वेळी महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवली की बहुतेकदा दिवा जातो. मध्येच इंजिन बंद केलं तर काम अर्धवट राहतं. दिवा लुकलुकू लागला, लाल झाला किंवा गाडीने ओढणं सोडलं, तर मात्र गॅरेज गाठावं.

काजळी जळत असताना सायलेन्सर प्रचंड तापतो. उन्हाळ्यात कोक्याच्या किंवा साकोलीच्या जंगलपट्ट्यात रस्त्याकडेला सागाच्या वाळल्या पानांचा खच असतो. त्यावर अशी गाडी उभी करणं म्हणजे वणव्याला निमंत्रण.

गैरसमज ४ : गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका.

वस्तुस्थिती : हा तर गॅरेजातला जुना हुकमी उपाय. अडकलेल्या थर्मोस्टॅटमुळे गाडी तापते, हे अर्धं खरं. पण तो काढला की इंजिनला योग्य तापमान गाठायला वेळ लागतो, डिझेल जास्त जळतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतो आणि भर उन्हात गाडी आणखी तापते. खराब असेल तर नवा बसवावा.

नुसतं नळाचं पाणी भरणंही तसंच. कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि गंज रोखतं. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. आपण घामाघूम होतो, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. मग सावलीत थांबावं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत दाबाखाली असलेलं पाणी झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं.

गैरसमज ५ : १५० एएचची बॅटरी आहे, म्हणजे रात्रभर एसी चालेल. आणि ऊन जेवढं कडक, तेवढी सोलरची वीज जास्त.

वस्तुस्थिती : आधी बॅटरीचा हिशेब. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १,८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे उरतात ९००. एक टनाचा एसी तासाला साधारण १,००० वॉट-तास खातो. एक तासही पुरत नाही. त्याच ९०० मध्ये छोटा १२ व्होल्टचा फ्रीज दिवसभर, पंखा दहा तास आणि दिवे निघतात. लिथियम फॉस्फेट बॅटरीची ८० टक्क्यांहून अधिक क्षमता वापरता येते, पण एसीचं गणित तिथेही फारसं सुटत नाही.

आता पॅनल. त्याला हवा असतो प्रकाश. उष्णतेने त्याचं नुकसानच होतं. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याची वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते. टपावर सपाट चिकटवलेलं पॅनल मे महिन्यात ६५ अंशांपर्यंत तापलं, तर सोळा टक्के वीज तिथेच गेली. पॅनलखाली चार-पाच बोटं मोकळी जागा ठेवली की वारा खेळतो आणि थोडी घट भरून निघते.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणं हा आणखी एक घातक उपाय. १२ व्होल्टवर १,००० वॉट घ्यायचे म्हणजे तारेतून ८० अँपिअरहून जास्त प्रवाह जातो. तार बारीक असेल तर फ्यूज उडणं हेच संरक्षण आहे. ते काढलं की फ्यूजऐवजी तार जळते, आणि ती पलंगाखालून गेलेली असते.

गैरसमज ६ : वरची खिडकी उघडी आहे, मग गॅसची किंवा जनरेटरची भीती नाही.

वस्तुस्थिती : गरम हवा वर जाते, स्वयंपाकाचा गॅस जात नाही. त्यातला प्रोपेन हवेच्या दीडपट, तर ब्युटेन दुप्पट जड असतो. गळलेला गॅस फरशीवर, पलंगाखाली साचतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला तरी ठिणगीने पेटतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. सिलिंडर उभाच बांधावा. आडवा ठेवला तर रेग्युलेटरमधून द्रव गॅस येतो. जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडी पेटवून कधीच नाही. गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे.

जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात वडकरा इथे उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा धूर आत शिरल्याचं तपासात पुढे आलं. डिसेंबर-जानेवारीत भंडाऱ्यात रात्री चांगलीच थंडी पडते आणि गाडीत कोळशाची शेगडी घेण्याचा मोह होतो. तो टाळाच. झोपताना इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवू नका आणि उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

गैरसमज ७ : धरणाचं पाणी स्वच्छ दिसतं, टाकी भरून घ्या.

वस्तुस्थिती : गोसेखुर्दचा जलाशय देखणा आहे. पण नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला, म्हणजे याच जलाशयाला, मिळत आलं आहे, आणि या प्रदूषणाच्या तक्रारी जुन्या आहेत. टाकी नळाच्या पाण्यानेच भरावी, पिण्याचं वेगळं ठेवावं. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या शंभर लिटरच्या टाकीत पाणी भरून पाच टक्क्यांचं साधं, सुवासिक नसलेलं ब्लीच द्रावण १०० मिलिलिटर टाका, नळ उघडून पाइपातही येऊ द्या, चार तास ठेवा. मग सगळं ओतून, वास जाईपर्यंत धुवा.

गैरसमज ८ : गाडी आपली, आत काय बसवायचं ते आपण ठरवू.

वस्तुस्थिती : खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा वर्ग केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत आहे, हे अर्धं खरं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या मूळ नोंदीपासून गाडी परस्पर बदलायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. एमएच-३६ च्या गाडीतल्या सीट काढण्याआधी भंडाऱ्याच्या आरटीओत चौकशी करावी, बदलाची नोंद करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. नाहीतर अपघातानंतर दावा अडू शकतो.

मग सल्ला घ्यायचा कसा?

घ्यायचा जरूर, या रस्त्यांवर अनुभवी माणसाला पर्याय नाही. फक्त सल्ल्यासोबत त्याची गाडीही विचारून घ्यायची. कोणतं मॉडेल, कोणतं साल? बीएस-४ की बीएस-६? भरलेलं वजन किती? बिघाड झाला तेव्हा ऊन किती होतं, गाडी किती वेळ धावली होती? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, उपाय केल्यावर गाडी पुढे किती चालली? आपण दुसऱ्याला सांगताना हीच माहिती आपणहून द्यावी. त्यासाठी गाडीत एक वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, लक्षण, बदललेला भाग. महामार्गावर अडकलात तर १०३३ ला फोन लावता येतो, पण पलीकडच्या माणसालाही तुम्ही हेच सांगणार असता.

हे तपशील नसलेला सल्ला मिळाला तर ऐकून घ्यावा, देणाऱ्याला चहा पाजावा, आणि पान्याला हात लावण्याआधी आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडावं.