राहिलेला विषय

इंदापूरहून सकाळच्या एस.टी.ने बारामतीला कॉलेजात जाणारे आम्ही चौघे. दुसऱ्या वर्षी गणिताने मला दगा दिला. खरे म्हणजे मीच गणिताला! हाती पडली ‘एटीकेटी’. नापास विषय मानगुटीवर घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची ही मुभा, पण घरी सांगायचे कसे? आठ दिवस मी गुणपत्रिका गादीखाली ठेवली.

आजोबांना ती सापडली. ते रागावले नाहीत. त्यांच्या मॅट्रिकच्या वेळी बारामतीत कॉलेजच नव्हते. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले ते 1962 साली. शिकायचे राहून गेले, ते गेलेच. ‘‘तुझा एकच राहिलाय ना?’’ ते म्हणाले.

विषय सुटला. तरी पुणे विद्यापीठाचा एम.एस्सी.चा अर्ज भरताना हात कापत होता. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा जुना प्रासाद म्हणजे 1949 सालचे हे विद्यापीठ. तिथे आपल्याला कोण उभे करणार? प्रवेशपरीक्षा दिली. खिडकीवरच्या कारकुनांनी सगळ्या गुणपत्रिका चाळल्या नि विचारले, ‘‘सगळे विषय सुटले ना?’’ बस्स, एवढेच!

यादीत माझे नाव शेवटून तिसरे होते. फोन केला, तर आजोबांनी विचारले, ‘‘तिथंही गणित असतं का रे?’’