गोंधळाचा खर्च कुणाच्या खिशातून?

'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रपटगृहांत आला. परीक्षणं वाचून झाली असतील, पैशांवाचून सिनेमे करणाऱ्या नासिर शेखची गोष्टही एव्हाना पाठ झाली असेल, त्यामुळे ती पुन्हा सांगत बसत नाही. बारामतीकरांसाठी एवढंच, की हे मालेगाव म्हणजे आपलं साखर कारखान्याचं माळेगाव नव्हे. हे नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं. रीमा कागती यांनी चित्रपट मनापासून केलाय, वरुण ग्रोव्हर यांचं लेखन नेटकं आहे, शेवटाकडे डोळे ओले होतात. तरीही बाहेर पडताना एक गोष्ट खटकत राहिली. पैशांवाचून केलेल्या सिनेमाची ही गोष्ट भरपूर पैसे लावून सांगितली आहे. पडद्यावरची मोडकी सायकलसुद्धा नीट प्रकाशयोजना करून टिपलेली दिसते. टंचाई दिसते, तिची झळ लागत नाही.

ती झळ अनुभवायची असेल तर फैजा अहमद खान यांचा २००८चा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट पाहा. त्यात खरा नासिर आहे, खरे यंत्रमाग आहेत. 'मालेगाव के शोले' सन २००० मध्ये पन्नासेक हजारांत केलेला हा माणूस आता सुपरमॅनला उडवायला निघालाय. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळं युनिट डोक्याला हात लावून बसतं. सुपरमॅन झालेल्या शफीकचं ऐन शूटिंगमध्ये लग्न निघतं. हसता हसता लक्षात येतं, की या प्रत्येक विनोदाखाली एक न परवडलेली वस्तू आहे. क्रेन परवडली नाही म्हणून बैलगाडी. दुसरा कॅमेरा परवडला नाही म्हणून तो पडल्यावर सगळं ठप्प. नटाला मानधन परवडलं नाही, मग त्याच्या लग्नाच्या तारखेपुढे दिग्दर्शकाचं काय चालणार?

सिनेमा करतानाच्या गोंधळावरचे कमी खर्चातले विनोदी चित्रपट जगभर होतात, आणि त्यांचा पाया हाच असतो. अमेरिकेत टॉम डिचिलो यांनी १९९५ मध्ये 'लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन' केला. एक साधा प्रसंग चित्रित करायचा असतो. कधी माइक चौकटीत शिरतो, कधी धुराचं यंत्र बिघडतं. जपानच्या शिनिचिरो उएदा यांनी सुमारे ३० लाख येनांत 'वन कट ऑफ द डेड' केला. आपल्या हिशेबात हे वीसेक लाख रुपये होतात. २०१८ मध्ये अगदी मोजक्या पडद्यांवर लागलेल्या त्या चित्रपटानं पुढे ३०० कोटी येनांहून अधिक धंदा केला. त्यातली पहिली ३७ मिनिटं सलग एका टेकमध्ये चालणारा सुमार भुताटकीपट पाहावा लागतो. मग कथा मागे जाते, आणि तो टेक सुरू असताना कॅमेऱ्यामागे काय काय चाललं होतं ते उलगडतं. दिग्दर्शकाची बायको ऐनवेळी नटीच्या जागी उभी राहते, मुलगी सूत्रं हातात घेते, आणि शेवटी क्रेन मोडल्यावर सगळे जण दहीहंडीचे थर लावावेत तसे एकमेकांच्या पाठीवर चढून कॅमेरा उंच नेतात. मघाशी ज्या दृश्याला आपण नावं ठेवली, ते कुणाच्या पाठीवर उभं होतं हे कळतं आणि हसू घशात अडकतं.

उत्तम गोंधळपट ओळखायची माझी खूण हीच आहे. गोंधळाचा खर्च कुणी उचलला, हे तो दाखवतो का? की नुसती दिग्दर्शकाची तारांबळ दाखवून मोकळा होतो?

मराठीत या कसोटीला पुरेपूर उतरणारा चित्रपट म्हणजे परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. २००९ मध्ये तो भारतातर्फे ऑस्करला गेला, त्या बातमीखाली त्याचं खरं मोल थोडं झाकलं गेलं. दादासाहेब फाळक्यांची धडपड मोकाशींनी रडवी केली नाही. नंदू माधव यांचे फाळके उड्या मारत, टोपी सावरत, हसतमुखानं कर्जबाजारी होतात. विमा गहाण टाकून फाळके १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती करायला कुणी बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या उपाहारगृहातल्या अण्णा साळुंकेंना दहाचा पगार पंधरा करून आणलं. बायकांची कामं करायला उभे राहिलेले पुरुष मिशा काढायला तयार होईनात, कारण मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर. नाटक-सिनेमात काम करतो म्हणायची लाज, म्हणून घरी सांगायचं की 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे'. वांगणीला चित्रीकरणाच्या वेळी भाले-तलवारी घेतलेले नट पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखं वाटलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, असाही किस्सा सांगितला जातो. यातला कुठलाही प्रसंग विनोदी लेखकाला बसल्या जागी सुचला नसता.

पण मला बोलायचंय ते फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दल. विभावरी देशपांडे यांनी ती भूमिका केली, आणि चित्रपटाचं वजन तिथं आहे असं माझं मत आहे. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची छिद्रं नसायची. ती घरीच, अंधारात, हातानं चालणाऱ्या यंत्रावर पाडायची. जरा प्रकाश शिरला की रीळ वाया. दादरच्या घरात हे काम सरस्वतीबाई शिकल्या. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, सुकवणं शिकल्या. चित्रीकरण उन्हात चाले, कारण फिल्मला भरपूर उजेड लागे. मग नटाच्या चेहऱ्यावर उजेड फेकायला पांढरी चादर ताणून उन्हात तासन्‌तास उभं राहायचं, तेही त्यांनी केलं. आजच्या शूटिंगवर थर्माकोल धरून जो पोरगा उभा असतो, त्याची मूळपुरुष ही बाई आहे. आणि हे सगळं साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून. दागिने आधीच गहाण पडलेले. मुलगा भालचंद्र तर 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला होता, म्हणजे घरातलं पोरही कामाला.

आजच्या भाषेत सांगायचं तर निर्मिती व्यवस्थापक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, प्रकाश साहाय्यक, खानपान आणि अर्थपुरवठा अशी पाच खाती एका बाईकडे होती. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला, ही तारीख आपण दरवर्षी काढतो. त्या ३,७०० फुटांच्या दोन्ही कडांना एकेक छिद्र पाडणारे हात कितीदा आठवतो? फाळक्यांनी स्वतः पुढे सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारा छोटा चित्रपटही १९१७ मध्ये केला. सिनेमाच्या कामावर कॅमेरा वळवायची ओढ आपल्याकडे पहिल्या माणसापासूनच आहे.

आता आपल्या भागाकडे येतो, कारण हे सगळं लिहायचं कारण तेच आहे.

बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरातून 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही मालिका यूट्यूबवर चालते. रामभाऊ, बाळासाहेब, सुभाषराव ही नावं आता गावोगावच्या पारांवर घरच्यासारखी घेतली जातात. कुठला स्टुडिओ नाही, सेट नाही. गाव हाच सेट. उजनीच्या पलीकडे, करमाळ्याच्या मातीत नागराज मंजुळे यांनी 'सैराट' उभा केला. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून 'ख्वाडा' केला. २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो परीक्षकांच्या विशेष पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याच चित्रपटाला जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मला ही बाब जमीन विकण्याइतकीच मोठी वाटते.

का ते सांगतो. इंदापूर तालुक्यातल्या एका गावात पोरांचं लघुपटाचं शूटिंग चाललं होतं, तिथं अर्धा दिवस उभा होतो. प्रसंग साधा: बाप ओट्यावर बसलाय, मुलगी सांगते की तिला पुढं शिकायचंय. दोन वाक्यं. डबिंगला पैसे नव्हते, म्हणून आवाज जागेवरच घ्यायचा. पहिल्या टेकला शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली, कारण थ्री फेज लाइट आली आणि मोटरला ऑटो स्विच. मोटर बंद करायला एक जण पळाला. दुसऱ्या टेकला रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, पुढं छातीत धडधडणारा टेप. कानाला हेडफोन लावलेला पोरगा आडवा झाला.

"मामा, दोन मिनिटं टेप बंद करता का? आवाज घेतोय."

"आरं, काट्यावर नंबर लावायचाय. थांबतो कुठं मी?"

तरी मामांनी टेप बंद केला, गाडी शंभर पावलं पुढं नेली आणि उतरून परत आले, शूटिंग बघायला. आता ओट्यासमोर बघे पंचवीस. बापाचं काम करणारे आण्णा खरोखरचे शेतकरी. दारं धरायची वेळ टळून गेली म्हणून त्यांचा जीव वर-खाली. घरातल्या मावशी युनिटसाठी भाकऱ्या थापत होत्या, तो थापायचा आवाज माइकमध्ये येत होता. मावशींना थांबवायचं कुणी, हा प्रश्न पडला. दिग्दर्शक पोरानं विचार करून सांगितलं, थांबवू नका, घरात भाकरी होतीय असंच राहू दे. पुढचा टेक ओके झाला, आणि दृश्य आधीपेक्षा चांगलं झालं.

गाळप हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडीचा कर्मयोगी असे कारखाने सुरू असताना या दोन तालुक्यांतल्या रस्त्यांवर शांतता मिळत नाही. शेतीची वीज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि तिच्याबरोबर मोटरा. उन्हाळ्यात रस्ते शांत होतात तेव्हा माणसं उन्हानं हैराण. 'लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन'मध्ये सगळं युनिट अर्धा मिनिट स्तब्ध उभं राहतं, कारण त्या खोलीचा रिकामा आवाज टिपायचा असतो. संकलनात जोड लपवायला तो लागतो. आमच्याकडे ती तीस सेकंदं मिळवायला तीन वाटाघाटी कराव्या लागतात, आणि त्या तिन्ही चित्रपटात घेण्याजोग्या असतात. 'ख्वाडा'च्या ध्वनिमुद्रकानं रानात काय मिळवलं, ते यावरून कळावं.

एवढं सगळं असून हा गोंधळ आपल्या ग्रामीण सिनेमात आलेला नाही. उमेश कुलकर्णी यांच्या 'वळू'मध्ये (२००८) त्याची एक झलक आहे. वनाधिकाऱ्याचा भाऊ कॅमेरा घेऊन गावात येतो आणि ज्याला त्याला वळूपेक्षा स्वतःचं सांगायचं असतं. तो धागा पुढे कुणी ओढला नाही. आपण ग्रामीण सिनेमा म्हणतो तेव्हा प्रेम, जात, पाणी, निवडणूक एवढे विषय धरतो. सिनेमा करणं हाही आता गावातला एक व्यवसाय झालाय, हे धरत नाही. हातात बरा फोन, एक ड्रोन भाड्यानं, लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक मित्र आणि रविवारी सुट्टी असणारे चार जण, इतक्या भांडवलावर चाललेली मंडळं या पट्ट्यात आहेत. त्यांचं अर्थकारण कुणी मांडलेलं नाही, कारण त्यात पगार या सदराखाली काहीच नसतं.

आणि गोंधळ चित्रीकरणापाशी संपतही नाही. सरकारी अनुदान मिळतं ते चित्रपट पूर्ण होऊन त्याचं परीक्षण झाल्यावर. म्हणजे कर्जाचं व्याज आधी, मदत नंतर. मग चित्रपटगृह. राष्ट्रीय पुरस्कार गाठीशी असलेल्या कऱ्हाडे यांना २०२३ मध्ये 'टीडीएम'साठी पुरेसे शो मिळेनात, तेव्हा प्रेक्षकांसमोर त्यांना आणि त्यांच्या कलाकारांना अश्रू आवरले नाहीत. हे काही विनोदाचं दृश्य नव्हे. पण उद्या कुणी या भागातला 'वन कट ऑफ द डेड' लिहायला बसला, तर त्यानं ते वगळू नये. हसवता हसवता तिथवर नेण्याची ताकद या प्रकारात आहे, मोकाशींनी ती सिद्ध केलेली आहे.

त्या लेखकाला माझी एक मागणी आहे. दिग्दर्शकाला नायक करू नका. नायक करा हेडफोनवाल्या पोराला, किंवा त्या मावशींना. भाकऱ्यांचं पीठ त्यांच्या घरचं होतं, अंगण त्यांचं होतं, आणि दुपारी दोन वाजता बॅटऱ्या उतरल्या तेव्हा त्या चार्ज झाल्या त्याही त्यांच्याच मीटरवर.